फुई : होतो की गेलो?

स्पॅनिशमध्ये ‘सेर’ म्हणजे असणे आणि ‘इर’ म्हणजे जाणे. वर्तमानकाळात दोघांची रूपं वेगळी: ‘सोय’ म्हणजे मी आहे, ‘वोय’ म्हणजे मी जातो. पूर्ण भूतकाळात मात्र दोघांचंही रूप एकच, ‘फुई’. ‘फुई मेदिको’ म्हणजे मी डॉक्टर होतो. ‘फुई आ माद्रिद’ म्हणजे माद्रिदला गेलो. अर्थ ठरतो पुढच्या शब्दावरून.

‘फुई’ हे मुळात लॅटिनमधल्या ‘असणे’चं रूप; ‘जाणे’नं ते आपलंसं केलं. अपूर्ण भूतकाळात ‘एरा’ म्हणजे होतो आणि ‘इबा’ म्हणजे जात होतो, हा भेद टिकला. मराठीतही एकाच क्रियापदात दोन धातू मिसळलेत: ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूचा, तर ‘गेलो’ ‘गत’वरून आलेला. अशी अनियमित रूपं रोजच्या वापरामुळेच तगतात.