दृष्टिबाह्यकाचा नकाशा

मेंदूच्या पृष्ठभागावरील करड्या पेशींच्या, घड्या पडलेल्या पातळ थरास बाह्यक म्हणतात. डोक्याच्या मागच्या बाजूस जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या आतील अंगास असलेले बाह्यक दृष्टीचे काम करते आणि त्याचा बराचसा भाग कॅल्कराइन नावाच्या खोल खाचेच्या दोन्ही काठांवर व तिच्या पोटात दडलेला असतो. या भागाची रचना आधी दिसली आणि तिचे कार्य कळण्यास शंभर वर्षे लागली.

पार्मा येथे वैद्यक शिकत असलेल्या फ्रान्चेस्को जेन्नारी याला १७७६ साली गोठवलेला मेंदू कापताना करड्या थरातून जाणारी एक पांढरी रेषा दिसली, जी मेंदूच्या मागील भागात विशेष ठळक होती. हे निरीक्षण त्याने १७८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ही रेषा म्हणजे मायेलिन या स्निग्ध आवरणाने वेढलेल्या तंतूंचा पट्टा असून तो बाह्यकाच्या सहा स्तरांपैकी चौथ्या स्तरात असतो. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या या रेषेचा दृष्टीशी संबंध असेल, अशी शंका मात्र त्या काळी कोणास आली नाही. पुढे १८५५ मध्ये इटलीतीलच बार्तोलोमेओ पानिझा याने मेंदूच्या मागील भागास इजा झाल्यास अंधत्व येते असे दाखवले, पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. लंडनचा डेव्हिड फेरियर दृष्टीचे केंद्र बाजूच्या खंडात सांगत असे, तर बर्लिनचा हेरमान मुंक कुत्री व माकडे यांवरील प्रयोगांच्या आधारे ते मागच्या खंडातच असल्याचे ठासून सांगत असे, आणि हा वाद बराच काळ चालला. स्वीडिश वैद्य सालोमोन हेन्शेन याने मृत रुग्णांचे मेंदू तपासून कॅल्कराइन खाच निश्चित केली खरी, पण दृष्टिक्षेत्राचा मध्यभाग तिच्या पुढच्या टोकाशी असतो, हा त्याचा निष्कर्ष नेमका उलटा होता.

तो उलगडा झाला रणांगणावरील जखमांमुळे. जुन्या, जाड शिशाच्या गोळीने कवटीचा चुराडा होत असे. परंतु १९०४–०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन सैन्याकडे असलेल्या रायफलीची सुमारे ७.६ मिलिमीटर व्यासाची वेगवान गोळी पुष्कळदा डोक्यातून आरपार जाई आणि सैनिक वाचे. अशा सैनिकांना किती निवृत्तिवेतन द्यावे हे दृष्टी किती गेली यावर ठरत असल्याने ती तपासण्याचे काम तात्सुजी इनोउये या तरुण नेत्रवैद्याकडे आले. गोळी सरळ रेषेत गेली असे गृहीत धरून, आत शिरल्याचे व बाहेर पडल्याचे छिद्र यांची स्थाने त्याने स्वतः तयार केलेल्या उपकरणाने मोजली आणि मेंदूतील तिचा मार्ग काढला. मग एक डोळा झाकून सैनिकाला समोरच्या बिंदूवर नजर रोखायला लावून, कडेकडून आत आणलेली खूण कोठे दिसते व कोठे नाहीशी होते हे नोंदवून जो आलेख मिळतो, त्याच्याशी तो मार्ग ताडून पाहिला. अशा २९ सैनिकांच्या तपासणीतून दिसले की दृष्टिक्षेत्राचा मध्यभाग खाचेच्या मागच्या टोकाशी असतो आणि त्याच्या आकाराच्या मानाने फार मोठी जागा व्यापतो. कारकुनी गरजेतून निघालेले काम शास्त्रीय दृष्ट्या इतके फलदायी ठरल्याची उदाहरणे थोडीच सापडतील. इनोउयेचा ग्रंथ १९०९ मध्ये लाइप्झिग येथे जर्मन भाषेत निघाला. त्याच वर्षी, त्याच शहरातून निघालेल्या कोर्बिनिआन ब्रोडमान याच्या ग्रंथात पेशींच्या मांडणीवरून याच भागास १७ हा क्रमांक मिळाला.

तरीही पाठ्यपुस्तकांत रूढ झाला तो गॉर्डन होम्स या ब्रिटिश वैद्याचा नकाशा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील जखमी सैनिकांच्या तपासणीवरून त्याने १९१६ मध्ये विल्यम लिस्टर याच्यासह आणि १९१८ मध्ये एकट्याने तो मांडला. ब्रिटिशांचे पोलादी शिरस्त्राण डोक्याचा मागचा, खालचा भाग उघडा ठेवी, त्यामुळे नेमक्या याच भागातील जखमा त्याच्यापुढे आल्या. होम्सचे निरीक्षण काटेकोर होते, तथापि इनोउयेला त्या मानाने उपेक्षाच सोसावी लागली, हे न्याय्य म्हणता येत नाही. मध्यभागाच्या विस्ताराबाबत होम्सचाही अंदाज तोकडाच होता: १९९१ मध्ये जोनाथन हॉर्टन व विल्यम हॉइट यांनी चुंबकीय अनुनाद प्रतिमांच्या साहाय्याने दाखवले की मधल्या दहा अंशांच्या दृष्टिक्षेत्रासाठी या बाह्यकाचा निम्म्याहून अधिक भाग खर्ची पडतो.