टेलिटाइपचा कागद गेला, त्यानंतर

संगणकावर आपण काय काय केलं याची नोंद ठेवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा इतिहास प्रगतीची गोष्ट म्हणून सांगायची पद्धत आहे. मला तो तसा दिसत नाही. नोंद आधी फुकट मिळत होती, मग ती गेली, आणि तेव्हापासून ती परत मिळवायची खटपट चालू आहे. सर्वेक्षणांची आकडेवारी साफ करण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून या खटपटीकडे मी जरा स्वार्थी नजरेनेच बघते.

न्यू जर्सीतल्या मरे हिलला, बेल लॅब्जमध्ये, १९६९ साली युनिक्स ही संगणकप्रणाली जन्माला आली तेव्हा तिच्याशी बोलायचं साधन होतं टेलिटाइप. त्यातलं मॉडेल ३३ म्हणजे सेकंदाला दहा अक्षरं, ओळीला ७२, सगळी कॅपिटल, आणि वर खडखडाट. ‘एलएस’, ‘सीपी’, ‘आरएम’ अशा दोन अक्षरी आज्ञांचं मूळ या सावकाश चालणाऱ्या यंत्रात आहे. तुम्ही दिलेली आज्ञा कागदावर उमटायची, तिच्याखाली संगणकाचं उत्तर. दिवस संपला की कागदाच्या गुंडाळीवर सगळं क्रमाने हजर, फसलेल्या प्रयत्नांसकट. वडिलांच्या दुकानातली रोजकीर्द रात्री बसून लिहावी लागे. ही आपोआप लिहिली जाई.

मी कामाला लागले ऐंशीच्या दशकात, मेनफ्रेमवर. हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या रुंद कागदावर निकाल यायचा आणि त्याच्या आधीची पानं कामाच्या आज्ञांची असायची: कोणती फाइल घेतली, कोणती पायरी कोणत्या क्रमांकाने संपली. त्या पानांना आम्ही कचरा म्हणायचो आणि पाठकोऱ्या बाजूवर मुलं चित्रं काढायची. जुन्या तक्त्यातला आकडा कुठून आला असं वरिष्ठांनी विचारलं, की मात्र तोच कचरा शोधायला कपाटं उघडायची.

कागदाची जागा पडद्याने घेतली. १९७६ साली आलेला लिअर सीगलरचा एडीएम-३ए हा स्वस्त टर्मिनल विद्यापीठांत भराभर पसरला. पडद्यावर ओळी २४. पंचविसावी आली की पहिली वर सरकून कायमची नाहीशी. बर्कलीत बिल जॉय याच टर्मिनलवर ‘व्हीआय’ संपादक लिहीत होता, आणि त्यानेच ‘सी शेल’ या आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दिलेल्या आज्ञा लक्षात ठेवायची सोय केली. दोन उद्गारचिन्हं टाइप केली की मागची आज्ञा पुन्हा चाले. हेतू टाइप करायचे श्रम वाचवण्याचा होता. हिशेब ठेवण्याचा नव्हता. ही गोष्ट महत्त्वाची, कारण आजही लोक या यादीला, ‘हिस्टरी’ला, हिशेब समजतात. १९८९ साली ब्रायन फॉक्सने लिहिलेला ‘बॅश’ हा शेल मुळात शेवटच्या ५०० आज्ञा ठेवतो. त्या कधी दिल्या, कोणत्या फोल्डरमध्ये उभं राहून दिल्या, तेव्हा फाइलमध्ये काय होतं, यातलं काही सांगितल्याशिवाय ठेवत नाही. दोन खिडक्यांत काम केलं असेल तर क्रमही विसरा.

हिशेबाच्या हेतूने लिहिलेली आज्ञा वेगळी होती: ‘स्क्रिप्ट’. ती १९७९च्या बर्कली युनिक्समध्ये आली. ती सुरू केली की पडद्यावर दिसणारं सगळं एका फाइलमध्ये उतरतं आणि त्या फाइलचं नाव ‘टाइपस्क्रिप्ट’. गृहपाठ खरंच केला याचा छापील पुरावा विद्यार्थ्यांना देता यावा, असा उपयोग तिच्या माहितीपानावर लिहिलेला आहे. म्हणजे टेलिटाइपचा कागद गेल्यावर मास्तरांना तो परत हवा होता!

दुसरी वाट ‘मेक’ची. १९७६च्या एप्रिलमध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन, ‘याक’ हा प्रोग्रॅम लिहिणारा, स्टुअर्ट फेल्डमनच्या खोलीत शिव्या घालत शिरला. चूक त्याने दुरुस्त केली होती, पण बदललेली फाइल पुन्हा कंपाइलच झाली नव्हती, आणि बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात त्याची सकाळ गेली होती. फेल्डमनचीही आदली संध्याकाळ असल्याच भानगडीत गेली होती. त्या शनिवार-रविवारात ‘मेक’ तयार झालं. कोणती फाइल कशापासून बनते ते एकदा लिहून ठेवा, वेळा ताडून शिळं काय ते यंत्र ठरवेल. आज्ञेच्या ओळीआधी टॅबच हवा, मोकळ्या जागा चालणार नाहीत, हा त्यातला कुप्रसिद्ध नियम. तो बदलावासा वाटला तोवर वापरणारे डझनभर झाले होते आणि फेल्डमनला त्यांना त्रास द्यायचा नव्हता. त्या डझनभरांच्या सोयीसाठी जगभरचे लोक अजून टॅब मोजतायत. तरीही ‘मेक’ सांगतं ते काम कसं व्हावं याबद्दल. त्या दिवशी प्रत्यक्षात काय झालं, ते नाही.

हे ‘मेक’ विज्ञानाच्या कामी आणलं स्टॅनफर्डच्या जॉन क्लेअरबाउटने. भूगर्भातल्या कंपनांच्या नोंदींवर काम करणारा त्याचा गट. विद्यार्थी काही महिन्यांनी परत आला की स्वतःचीच आकृती त्याला पुन्हा काढता येत नाही, हे त्याने पाहिलं होतं. १९९२ साली मार्टिन कारेनबाखबरोबर त्याने यावर निबंध मांडला. पुढे गटात नियमच झाला: ‘मेक बर्न’ म्हटलं की निकालांच्या आकृत्या पुसल्या जातात, ‘मेक बिल्ड’ने त्या पुन्हा उभ्या राहिल्या पाहिजेत. पुसून दाखवायची हिंमत नसेल तर निकाल आपला नाही, एवढी साधी परीक्षा.

याची गरज किती खरी होती ते ड्यूक विद्यापीठाच्या प्रकरणात दिसलं. कोणत्या कर्करुग्णाला कोणतं औषध लागू पडेल ते जनुकांवरून सांगता येतं, असा दावा तिथून २००६ साली छापून आला. ह्यूस्टनचे कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स हे संख्याशास्त्रज्ञ तो पडताळू लागले. पायऱ्या कुठे लिहिलेल्या नव्हत्या, म्हणून निकालावरून मागे मागे जावं लागलं. जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली निघाली. त्यांचा लेख २००९चा. रुग्णांवरच्या चाचण्या कायमच्या थांबल्या २०१०मध्ये. एक ओळ सरकणं माझ्याही धंद्यात रोजचं होतं. फरक एवढाच की आमच्या ओळीच्या टोकाला कोणी आजारी माणूस नव्हता.

त्याच काळात फ्रान्समधला मेंदूविज्ञानाचा अभ्यासक अँड्र्यू डेव्हिसन ‘सुमात्रा’ नावाचं साधन लिहीत होता. कामाची आज्ञा ‘एसएमटी रन’मार्फत द्यायची. मग कोडची कोणती आवृत्ती, कोणते आकडे दिले, कधी सुरू झालं, किती वेळ चाललं, काय बाहेर पडलं, हे सगळं आपल्याच फोल्डरमधल्या छोट्या डेटाबेसमध्ये साठतं. सर्व्हर नको, खातं नको. लोकांच्या घरची उत्पन्नं हाताळणाऱ्या माझ्यासारखीला हे ‘आपल्याच फोल्डरमध्ये’ फार मोलाचं वाटतं. शिवाय त्यात ‘कारण’ लिहायचीही सोय आहे. टेलिटाइपच्या कागदावरही ते कधी नसायचं. ती जागा बहुतेक जण रिकामी ठेवतील, पैजेवर सांगते. म्हणून जी नोंद माणसाने आठवण ठेवून करायची असते, तिच्यावर माझा भरवसा नाही.

तेव्हा नवं साधन शिकायचा कंटाळा असेल तर निदान एवढं करा. मॅक असो वा लिनक्स, आकडेवारीला हात लावण्याआधी टर्मिनलवर ‘स्क्रिप्ट’ आणि फाइलचं नाव टाइप करा, एंटर दाबा, काम झालं की ‘एक्झिट’ म्हणा. आणि ती फाइल आकडेवारीच्या शेजारीच ठेवा.