उताराचं पाणी, चढावरचे पाडे

1892 साली तानसाचं पाणी मुंबईला गेलं ते निव्वळ उताराने. शहापूरच्या डोंगरांत जवळपास पावणेतीन किलोमीटर लांबीचं दगडी धरण उभं राहिलं आणि समुद्रसपाटीजवळच्या शहराला नळ मिळाला. त्यानंतर हा सगळा मुलूखच शहरांचं पाणलोट क्षेत्र झाला. वैतरणेवर मोडकसागर, मग भातसा. मुरबाडच्या अंगाला 1972 पासून बारवी. तिचं पाणी एमआयडीसीच्या कारखान्यांना आणि आसपासच्या शहरांना.

भातसाच्या पायथ्याशी 15 मेगावॉटचं वीजघर आहे. तिथून पाणी नदीने खाली पिसेपर्यंत येतं आणि तिथे पंपांनी उचललं जातं. मुंबईच्या रोजच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा याच नदीचा.

आणि याच शहापूर-मुरबाडमध्ये दर उन्हाळ्यात टँकर फिरतात! पाऊस दोन-अडीच हजार मिलिमीटर, पण खाली काळा कातळ. पाणी मुरत नाही, वाहून जातं. फाल्गुनात विहिरींचा तळ दिसू लागतो. बायका नदीच्या कोरड्या पात्रात डवरा खणतात, झिरपलेलं पाणी वाटीने हंड्यात भरतात. टँकर आला की तो विहिरीत रिकामा होतो. तिथून पुन्हा दोराने शेंदायचं.

हा अन्याय आहे, आणि तो भूगोलाच्या नावावर खपवता येणार नाही. अडचण मात्र खरी आहे: जलाशय दरीत, ठाकर-कातकऱ्यांचे पाडे वरच्या माळावर. पाणी चढवायचं तर वीज लागते. बिल थकलं किंवा पंप जळला, की नळयोजना बंद.

आयआयटी मुंबईत 1985 साली सुरू झालेल्या ‘सितारा’ या ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. प्रा. मिलिंद सोहोनी आणि त्यांचे विद्यार्थी तानसा परिसरातल्या पाड्यांसाठी सामाईक नळयोजना परवडेल का, हे तपासत होते. गावाची उंची, नळाचा व्यास, टाकीची जागा, पंपाचे तास या सगळ्यांचा हिशेब एकमेकांत गुंतलेला असतो. त्याच संस्थेत प्रा. ओम दामाणी यांच्या पुढाकाराने ‘जलतंत्र’ ही संगणकप्रणाली तयार झाली. कमीत कमी खर्चात शेवटच्या नळाला पुरेसा दाब कसा मिळेल, हे ती काढून देते.

शहापूरसाठी इगतपुरीच्या भावली धरणातून पाणी आणण्याची योजना पुढे आली, तीही चढाच्या याच अडचणीमुळे. भावली घाटमाथ्यावर, पाडे खाली. म्हणजे इथे उतार शहापूरच्या बाजूने आहे, आणि पाणी आणायला पंपाचं बिल भरावं लागत नाही.