हप्ता, घर आणि भिंत

सधन उपनगरात घरांची विक्री होते ती तेथील लोक सधन असतात म्हणून, असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते तो अर्धाच खरा आहे. घर घेऊ पाहणारा माणूस घराच्या किमतीपेक्षा दोन गोष्टी आधी विचारतो: आज रोख किती मोजावे लागतील, आणि दरमहा हप्ता किती बसेल? या दोन्हींची उत्तरे धनकोच्या हाती असतात. म्हणून उपनगर कोणी वसवले हे पाहायचे तर कर्ज कोणाला मिळाले हे पाहावे. मोटारींच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या अमेरिकेतील डेट्रॉइट शहराची हकीकत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे.

मंदीपूर्वी अमेरिकेत घरतारणावर मिळणारे कर्ज बहुधा तीन ते पाच वर्षांच्या मुदतीचे, आणि तेही घराच्या निम्म्या किमतीइतके असे. मुदतभर व्याज भरायचे आणि शेवटी मुद्दल एकरकमी. एवढी रक्कम बहुतेकांजवळ नसे. मग तेच कर्ज पुन्हा नवे करून घ्यायचे. 1929 नंतर बँकांनी नवे करून देणे थांबवले आणि 1933 साली रोज सुमारे हजार घरांवर जप्ती येऊ लागली.

1934 साली सरकारने फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ही संस्था काढली. बेकार झालेल्या गवंडी-सुतारांना काम मिळावे, हाही त्यात हेतू होता. संस्था स्वतः कर्ज देत नसे. बँकेचे कर्ज बुडाल्यास भरपाईची हमी देई. हमी मिळताच बँका किमतीच्या 80 टक्क्यांपर्यंत, 20 वर्षांच्या मुदतीने पैसे देऊ लागल्या. 1938 साली लहान नव्या घरांसाठी हेच प्रमाण 90 टक्के आणि मुदत 25 वर्षे झाली. आता 5,000 डॉलरचे घर घ्या. पूर्वी 2,500 डॉलर रोख लागत. आता 500 पुरू लागले, आणि शेकडा 5 व्याज धरले तर हप्ता महिना सुमारे 26 डॉलर. (आमचे शालेय शिक्षण बेताचे, असले हिशोब आम्ही कामगारांच्या पगारपत्रकांवर शिकलो.) घर तेच, पगारही तोच, तरी कालपर्यंत दारावरून परत जाणारा माणूस आज गिऱ्हाईक झाला. शिवाय हमी 16,000 डॉलरपर्यंतच्या कर्जाला मिळे. म्हणजे 20,000 डॉलरचा ऐसपैस बंगलाही तिच्या कक्षेत येई! उपनगरातील सुखवस्तू मंडळीही सरकारी हमीवरच घरमालक झाली, हे सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

परंतु हमी द्यायची कोणत्या वस्तीला? संस्थेच्या नियमपुस्तिकेने काळ्या व गोऱ्या लोकांच्या शेजाराला धोका मानले होते. डेट्रॉइटच्या उत्तर सीमेवर, एट माइल रस्त्याजवळ, काळ्या लोकांची वस्ती 1920 नंतर उभी राहिली होती. तिला खेटून एका बांधकाम व्यावसायिकाने गोऱ्यांसाठी घरे बांधायचे ठरवले, तेव्हा संस्थेने हमी नाकारली. त्याने 1941 साली दोन वस्त्यांमध्ये सहा फूट उंच, सुमारे अर्धा मैल लांब काँक्रीटची भिंत घातली. हमी मंजूर झाली! फोर्डच्या कारखान्यात काळे आणि गोरे दोघेही काम करीत. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडल्यावर मात्र एकाच्या पगारावर बँक विश्वास ठेवी, दुसऱ्याच्या नाही.

भिंतीअलीकडचे लोक स्वस्थ बसले नाहीत, हा भाग आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यांनी संघटित होऊन अर्ज-विनंत्या केल्या, सभा घेतल्या आणि युद्धकाळातच आपल्या जमिनीवरील काही घरांसाठी हमी मिळवली. कर्ज मिळताच तेथेही टुमदार घरे उठली. घर काळ्या माणसाला विकू नये अशा खरेदीखतांतील अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1948 साली दिला. घरविक्रीतील व कर्जातील वर्णभेदाला बंदी करणारा कायदा यायला 1968 साल उजाडले. तोवर गोऱ्यांच्या उपनगरांत पहिल्या खरेदीदारांचे निम्मेअधिक हप्ते फिटले होते आणि घरांच्या किमती चढल्या होत्या. कायद्याने दार उघडले, पण आत शिरायची रक्कम आता पूर्वीची राहिली नव्हती.

ती भिंत अजून बरीचशी उभी आहे. तिच्या एका बाजूला मुलांचे मैदान आहे, आणि रहिवाशांनी तिच्यावर रंगीत चित्रे काढली आहेत.