प्रोस्टेटचा कर्करोग : वनस्पतिजन्य द्रव्ये

पुरःस्थ ग्रंथी म्हणजेच प्रोस्टेट ही पुरुषांमध्ये मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिच्या कर्करोगावर वनस्पतींतून मिळणाऱ्या ज्या द्रव्यांची चर्चा होते, त्यांत दोन गट स्पष्टपणे वेगळे ठेवले पाहिजेत. पहिल्या गटातील द्रव्यांनी रुग्णांचे आयुष्य वाढते हे सिद्ध झाले आहे. ती यू या विषारी वृक्षापासून तयार होतात आणि शिरेवाटे दिली जातात. दुसरा गट हळद, टोमॅटो, हिरवा चहा, सोयाबीन अशा खाण्यापिण्यातल्या वनस्पतींचा. त्यांच्याविषयी लिहिले फार गेले, पण रुग्णाचे आयुष्य वाढल्याचा पुरावा त्यांच्यापैकी एकाही द्रव्याकडे नाही.

हा कर्करोग बहुधा पुरुषी संप्रेरकांवर पोसला जातो. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये हे दाखवून दिले आणि त्या कामासाठी त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टेस्टोस्टेरॉन कमी केले की गाठ आवळते. मात्र पसरलेला रोग काही काळाने पुन्हा डोके वर काढतो. या टप्प्यावर आयुष्य वाढवणारे पहिले केमोथेरपी औषध ठरले ते यूपासून तयार होणारे डोसेटॅक्सेल.

यू वृक्ष आणि टॅक्सेन औषधे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेसाठी वनस्पती गोळा करण्याच्या मोहिमेत आर्थर बार्कले यांनी १९६२ मध्ये वॉशिंग्टन राज्यातून पॅसिफिक यूची साल आणली. नॉर्थ कॅरोलायनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी तिच्यातून पॅक्लिटॅक्सेल वेगळे काढले व १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. वाणी यांचा जन्म १९२५ मध्ये नंदुरबारचा आणि शिक्षण मुंबई विद्यापीठातले. जगभर वापरल्या जाणाऱ्या टॅक्सेन नावाच्या या औषधकुळाच्या शोधात खानदेशच्या सुपुत्राचा एवढा मोठा वाटा आहे, हे महाराष्ट्रात अजूनही फार थोड्यांना ठाऊक असावे.

पॅक्लिटॅक्सेल पेशीत नेमके काय करते, हे सुसान हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये उलगडले. पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन्हीकडे ओढून नेण्यासाठी सूक्ष्मनलिकांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झाले की मोडतो. टॅक्सेन या नलिकांना चिकटून त्यांना मोडूच देत नाही, त्यामुळे विभाजन अर्ध्यावर अडते आणि पेशी मरते. प्रोस्टेटच्या पेशीत आणखी एक परिणाम दिसतो : पुरुषी संप्रेरकाचा ग्राही याच नलिकांच्या आधाराने केंद्रकाकडे जातो, आणि टॅक्सेनमुळे त्या वाटेतही अडथळा येतो.

साल सोलली की झाड मरते आणि यू वाढतो अत्यंत सावकाश. हा पेच पिएर पोटिए यांच्या फ्रान्समधील जिफ-सुर-इव्हेत येथील प्रयोगशाळेने सोडवला. युरोपीय यूच्या सुईसारख्या पानांत टॅक्सेनचा मूळ सांगाडा असलेले एक द्रव्य त्यांना सापडले. पाने छाटली तरी पुन्हा फुटतात. या द्रव्याला रासायनिक शाखा जोडून डोसेटॅक्सेल तयार झाले. म्हणजे हे औषध निम्मे झाडाचे, निम्मे रसायनशाळेचे.

संप्रेरक-उपचारांना न जुमानणाऱ्या पसरलेल्या रोगात डोसेटॅक्सेल घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य १८.९ महिने, तर मायटोझँट्रोन या जुन्या औषधावर १६.५ महिने भरले, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. दर तीन आठवड्यांनी, शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ७५ मिलिग्रॅम, तासाभराच्या सलाइनमधून, सोबत प्रेडनिसोन, अशी त्याची पद्धत. केस गळतात, नखे काळवंडतात, बोटे बधिर होतात, पांढऱ्या पेशी घटून संसर्गाचा धोका वाढतो. सुमारे अडीच महिन्यांचा फरक किरकोळ वाटेल; पण तेच औषध संप्रेरक-उपचारांच्या सुरुवातीलाच जोडल्यावर मध्यक आयुष्य ४४ वरून ५७.६ महिन्यांवर गेले, असे २०१५ मधील चाचणीने दाखवले. डोसेटॅक्सेल निष्प्रभ ठरल्यावर देण्याचे कॅबाझिटॅक्सेल २०१० मध्ये आले. तेही यूच्या पानांतूनच.

खाद्यवनस्पतींतील द्रव्ये. हळदीतील कर्क्युमिन काचपात्रातल्या प्रोस्टेट-कर्कपेशी मारते, हे खरे. परंतु पोटात घेतलेले कर्क्युमिन आतड्यातून जेमतेम शोषले जाते आणि जे शोषले जाते ते यकृताकडून झपाट्याने निकामी केले जाते. काचपात्रातली मात्रा रक्तात पोचतच नाही. शिवाय ते स्वतः प्रकाशते आणि अनेक प्रथिनांशी कशीही प्रक्रिया करते, त्यामुळे चाचणीयंत्रांनाही फसवते.

सोयाबीनची परीक्षा अधिक सरळ झाली. ग्रंथी काढून टाकलेल्या १७७ पुरुषांना रोज सोयाप्रथिन किंवा साधी भुकटी देण्यात आली. रोग उलटण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. हिरव्या चहातील कॅटेचिनांवरच्या २००६ मधील इटालियन चाचणीने मोठी आशा निर्माण केली, पण तीत कर्करोगपूर्व बदल असलेले अवघे ६० पुरुष होते. भाजीपाला वाढवल्याने रोगाची वाटचाल मंदावते का, हे ४७८ पुरुषांवर दोन वर्षे तपासले गेले. २०२० च्या निष्कर्षानुसार मंदावली नाही. भाजी खाण्याची इतर कारणे पुष्कळ आहेत, पण तिला या रोगाचा उपचार म्हणता येत नाही.

पीसी-स्पेस. नव्वदच्या दशकात अमेरिकेत विकले जाणारे हे मिश्रण आठ घटकांचे, चिनी वैद्यकावर आधारलेले. ते घेतल्यावर रक्तातील पीएसए, म्हणजे रोगाचा अंदाज देणारे प्रोस्टेटचे प्रथिन, खरोखरच खाली येई. सोबत स्तन दुखत, रक्तात गुठळ्या होत. ही लक्षणे स्त्रीसंप्रेरकाची. २००२ मध्ये तपासणीत गोळ्यांत वॉरफरिन हे रक्त पातळ करणारे औषध आढळले आणि माल परत घेतला गेला. काही खेपांत डाइएथिलस्टिल्बेस्ट्रॉल हे कृत्रिम इस्ट्रोजेनही निघाले, म्हणजे प्रोस्टेटवर पूर्वापार दिले जाणारे औषधच. वनस्पतींचा स्वतःचा गुण किती आणि भेसळीचा किती, हे त्यानंतर वेगळे करणे अवघड होऊन बसले. विश्वासाने गोळ्या घेणाऱ्या माणसांवर हा मोठा अन्याय होता.

औषधांशी संघर्ष. हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांनी आणि हळदीच्या काही पूरकांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोसेटॅक्सेलचा निचराही यकृतातूनच होतो. यकृत बिघडलेले असल्यास ते धोकादायक ठरते. ज्या विकरामुळे ते मोडते, त्याला सेंट जॉन्स वर्टसारखी वनस्पती चेतवते. मग औषध लवकर मोडून मात्रा अपुरी पडते. म्हणूनच केमोथेरपी सुरू करण्याआधी रुग्ण घेत असलेले काढे, चूर्णे आणि कॅप्सूल यांची विचारपूस केली जाते.