झायन राष्ट्रीय उद्यान

झायन राष्ट्रीय उद्यान हे अमेरिकेच्या युटा राज्याच्या नैर्ऋत्य भागातील एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५९५ चौ. किमी आहे. व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेने कोरलेली, सुमारे २४ किमी लांब व काही ठिकाणी ८०० मीटरपर्यंत खोल असलेली झायन घळई हे उद्यानाचे मुख्य आकर्षण होय. परिषदा व व्यापारी प्रदर्शनांसाठी प्रसिद्ध असलेले लास व्हेगास शहर येथून सुमारे २६० किमी अंतरावर आहे. त्यामुळे तेथे कामानिमित्त आलेले प्रवासी दौऱ्याला एक-दोन दिवस जोडून पदभ्रमणासाठी झायनला येतात.

भूरचना

घळईचे उभे कडे प्रामुख्याने नवाहो वालुकाश्माचे आहेत. ज्युरासिक काळातील विस्तीर्ण वाळवंटातील टेकड्या कालांतराने घट्ट होऊन हा खडक बनला. त्याचा लाल-तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडांमुळे आला आहे. सच्छिद्र वालुकाश्मात मुरलेले पाणी खालच्या कमी सच्छिद्र थरापाशी अडते आणि कड्यांतून पाझरते. अशा ठिकाणी कोरड्या प्रदेशातही नेचे व शेवाळ वाढते. उद्यानाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे १,१०० ते २,६६० मीटर आहे.

इतिहास

हा प्रदेश दक्षिणी पायूट लोकांच्या पारंपरिक भूमीचा भाग आहे. १८६०च्या दशकात मॉर्मन पंथीयांनी घळईत शेती सुरू केली. 'झायन' हे नाव त्यांनीच दिले. १८७२ मध्ये भूवैज्ञानिक जॉन वेस्ली पॉवेल सर्वेक्षणाच्या कामासाठी येथे आले होते. ३१ जुलै १९०९ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांनी या भागाला 'मुकुंतुवीप' या नावाने राष्ट्रीय स्मारक घोषित केले. १९१८ मध्ये नाव बदलण्यात आले व १९ नोव्हेंबर १९१९ रोजी त्यास राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सुमारे १.८ किमी लांबीचा झायन-माउंट कार्मेल बोगदा १९३० मध्ये खुला झाला.

पदभ्रमण मार्ग

एंजल्स लँडिंग या कड्यावर जाणाऱ्या वाटेत 'वॉल्टर्स विगल्स' नावाची २१ तीव्र वळणे आहेत. शेवटचा टप्पा अरुंद धारेवरून जातो व तेथे आधारासाठी साखळ्या बसविलेल्या आहेत. एप्रिल २०२२ पासून या टप्प्यासाठी परवाना आवश्यक असून तो सोडतीद्वारे मिळतो. 'द नॅरोज' हा मार्ग बव्हंशी नदीच्या पात्रातूनच जातो. काही ठिकाणी दोन्ही कड्यांमधील अंतर जेमतेम ६ ते ९ मीटर उरते. खालच्या बाजूने बिग स्प्रिंगपर्यंत जाण्यास परवाना लागत नाही. वरून संपूर्ण २६ किमी उतरण्यास मात्र तो लागतो.

धोके

अचानक येणारा पूर हा येथील सर्वांत गंभीर धोका आहे. उघड्या खडकात पाणी मुरत नसल्याने दूरवर पडलेला पाऊसही अरुंद घळईत झपाट्याने उतरतो. डोक्यावर आकाश निरभ्र असतानाही पाणी वाढू शकते. जुलै ते सप्टेंबर या काळात हा धोका अधिक असतो. सप्टेंबर २०१५ मध्ये कीहोल घळईत अशा पुरात सात जणांचा मृत्यू झाला. पुराचा इशारा असल्यास, तसेच प्रवाह दर सेकंदाला १५० घनफुटांहून अधिक असल्यास, नॅरोज मार्ग बंद ठेवला जातो. उन्हाळ्यात तापमान अनेकदा ३८ अंश सेल्सियसच्या वर जाते, तर हिवाळ्यात उंचावरील वाटांवर बर्फ साचतो.

कामाच्या दौऱ्याला जोडून भेट

लास व्हेगासहून मोटारीने सुमारे अडीच ते तीन तास लागतात. युटातील घड्याळ नेव्हाडापेक्षा एक तास पुढे असते. त्यामुळे जाताना एक तास कमी होतो. बससेवा सुरू असलेल्या काळात घळईतील मुख्य रस्त्यावर खासगी वाहनांना सामान्यतः प्रवेश नसतो. ही सेवा २००० साली सुरू झाली. शेवटची बस चुकल्यास पायी परतावे लागते.

दौऱ्याच्या तारखा आधीच ठरलेल्या असल्याने अशा प्रवाशांना हवामानानुसार दिवस बदलणे कठीण जाते. एंजल्स लँडिंगसाठी हंगामी सोडतीखेरीज आदल्या दिवशीची सोडतही असते. ऐनवेळी एखादा दिवस मोकळा मिळालेल्यांना ती उपयोगी पडते. परवाना न मिळाल्यास किंवा पुराचा इशारा असल्यास नदीकाठची 'रिव्हरसाइड वॉक' ही सुमारे ३.५ किमीची सपाट वाट किंवा 'पारुस' ही वाट निवडता येते. मात्र पुराच्या वेळी नदीकाठच्या वाटाही बंद होऊ शकतात. म्हणून निघण्यापूर्वी उद्यान प्रशासनाचा त्या दिवसाचा पूरधोक्याचा अंदाज पाहणे आवश्यक ठरते.