आर्ट्सवाली एअर मार्शल

परवा रात्री नातीचा फोन आला. ती पुण्याला असते, अकरावीत आहे. कॉलेजात काहीतरी प्रश्नमंजूषा होती म्हणे. "आजी, भारताच्या पहिल्या महिला एअर मार्शल कोण?" मी लगेच सांगितलं, पद्मा बंदोपाध्याय. मास्तरकीची सवय अजून गेलेली नाही, विचारलं की उत्तर द्यायचं! पण पुढचा प्रश्न आला आणि माझी पंचाईत झाली. "त्या कोणतं विमान चालवायच्या?"

मंडळी, त्या विमान चालवतच नव्हत्या. त्या डॉक्टर होत्या. शाळेत सामान्यज्ञानाच्या तासाला मी हे नाव कितीदा फळ्यावर लिहिलं असेल, पण नावापलीकडे काही सांगितलं नाही. मुलं बिचारी 'पहिली महिला अमुक' एवढं घोकायची आणि मनात आपापलं विमान उडवायची. म्हटलं, आता सवड आहे, नीट लिहून काढू. घरच्या मंडळींना वाचावंच लागेल, बाकीच्यांनी हवं तर वाचावं.

पद्माताईंचा जन्म 4 नोव्हेंबर 1944 चा, तिरुपतीचा. कुटुंब तमिळ, पण वाढल्या दिल्लीत. आईला क्षयरोग. त्या काळी क्षय म्हणजे काय असायचं ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. औषधं नुकती कुठे येऊ लागली होती. घरात आई अंथरुणाला खिळलेली आणि ही चार-पाच वर्षांची पोर तिचं हवं-नको बघते आहे. शेजारी लेडी हार्डिंग कॉलेजातल्या डॉक्टर पद्मावती राहायच्या. नावही जवळपास तेच. डॉक्टर व्हायचं ते इथूनच मनात बसलं, असं त्यांनीच पुढे सांगितलं आहे. (आपल्या सेवाग्रामच्या डॉ. सुशीला नायर याच लेडी हार्डिंगच्या विद्यार्थिनी.)

पण खरी गंमत पुढेच आहे. पद्माताईंनी शाळेत कलाशाखेचे विषय घेतले होते. शाळा संपल्यावर त्यांनी ठरवलं की आता विज्ञान. त्या काळी अशी उडी कुणी मारत नसे. तरी त्यांनी ती मारली, दिल्लीच्या किरोडीमल कॉलेजात प्री-मेडिकल केलं आणि 1963 साली पुण्याच्या ए.एफ.एम.सी.त, म्हणजे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. हे महाविद्यालय 1948 चं, पण पदवीचा अभ्यासक्रम तिथे ऑगस्ट 1962 मध्ये सुरू झाला. म्हणजे पद्माताईंची दुसरीच तुकडी. याच दुसऱ्या तुकडीत पुनीता अरोरा नावाची आणखी एक मुलगी होती. फाळणीत लाहोर सोडून सहारनपूरला आलेल्या घरातली. या दोघी पुढे काय झाल्या ते सांगतेच.

हे 'कलाशाखेतून विज्ञानात' प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चष्मा काढून ठेवला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. कारण सांगते.

आमचं जाम म्हणजे चौरस्ता. नागपूरहून येणारा रस्ता इथे फुटतो, एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे जातो, दुसरा वरोऱ्यावरून चंद्रपूरला. इथे उतरणारा माणूस बहुधा दुसऱ्या गाडीची वाट बघणाराच असतो. 1986 च्या सुमारास माझी एक विद्यार्थिनी याच चौरस्त्यावरून रोज बसने कॉलेजला जायची. दहावीला गणितात, विज्ञानात उत्तम गुण. पण घरच्यांनी आर्ट्सला घातलं, 'पोरीला काय करायचं सायन्स' म्हणून. दिवाळीनंतर ती एकदा घरी आली. "बाई, मले सायन्सला जाता येते का?" मी म्हटलं, "आर्ट्सवाल्याला आता सायन्स नाही मिळत बेटा. बारावी कर, मग डी.एड. कर, नोकरी लागेल." ती म्हणाली, "काहून नाही मिळत?" मी म्हटलं, "नियमच तसा आहे."

नियम तसा नव्हता. तिने पुढच्या जूनमध्ये अकरावी सायन्सला नव्याने नाव घातलं असतं तर एक वर्ष गेलं असतं, एवढंच. मी चौकशीसुद्धा केली नाही. मी स्वतः मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, सायन्स ही आपली गल्लीच नव्हे असं माझ्या डोक्यात पक्कं. तेच मी तिच्या डोक्यात घातलं.

असो. पद्माताईंकडे येते.

1968 मध्ये त्या हवाई दलात रुजू झाल्या. लग्न हवाई दलातच, प्रशासकीय शाखेतल्या सतीनाथ बंदोपाध्याय यांच्याशी. तमिळ मुलगी आणि बंगाली मुलगा! 1971 च्या युद्धात दोघं पंजाबात हलवारा तळावर होते. मी तेव्हा बी.ए.ला होते, आम्ही सगळे रेडिओला कान लावून बसायचो. तळांवर हल्ले झाल्याच्या बातम्या यायच्या, पण त्या तळावर एखादी बाई डॉक्टर गणवेश घालून जखमींकडे बघत असेल हे आमच्या कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. त्या युद्धातल्या कामासाठी नवरा-बायको दोघांनाही विशिष्ट सेवा पदक मिळालं, आणि तेही एकाच समारंभात. हवाई दलात असं जोडपं पहिलंच.

आता त्यांचा विषय. हवाई वैद्यकशास्त्र. हे जरा समजून घेण्यासारखं आहे. जमिनीवरचा डॉक्टर आजारी माणसाला बरं करतो, हवाई दलाचा डॉक्टर धडधाकट माणसाची काळजी करतो. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब जमिनीच्या निम्मा होतो, म्हणजे श्वास तोच पण प्राणवायू निम्मा. वाईट म्हणजे माणसाला ते कळत नाही. उलट त्याला छान वाटायला लागतं, आणि त्या छान वाटण्यात तो चुका करतो. दुसरी गोष्ट वळणाची. यात्रेत पाळणा जोरात फिरला की पोटात कसं होतं? लढाऊ विमान झपकन वळतं तेव्हा वैमानिकाचं शरीर 4-5 पट जड होतं, कधी त्याहूनही जास्त. रक्त पायाकडे जातं, डोक्याला पुरत नाही. आधी डोळ्यांपुढचे रंग जातात, मग अंधार. म्हणून त्यांना पायाभोवती आणि पोटाभोवती हवेने फुगून आवळणारा पोशाख देतात. कोण वैमानिक उडायला योग्य, कोण नाही, हे ठरवणं याच डॉक्टरांच्या हातात. म्हणजे विमान न चालवता त्या बाईंनी किती वैमानिकांची विमानं थांबवली असतील, हा हिशेब माझ्या नातीला सांगायला हवा.

या विषयातल्या देशातल्या पहिल्या महिला तज्ज्ञ म्हणून त्यांची नोंद आहे. 1978 मध्ये वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजचा अभ्यासक्रम त्यांनी पूर्ण केला, तिथेही महिला अधिकारी पहिल्याच. पुढे थंडीत माणसाचं शरीर कसं वागतं याच्या संशोधनासाठी उत्तर ध्रुव प्रदेशात गेल्या. नागपूरच्या उन्हाळ्यातच आमचा जीव जातो, आणि ही बाई बर्फात प्रयोग करायला गेली! 2002 मध्ये एअर व्हाइस मार्शल, 2004 मध्ये एअर मार्शल, हवाई दलाच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक. त्याच 2004 मध्ये पुनीता अरोरा लष्करात लेफ्टनंट जनरल झाल्या. पुण्याच्या एकाच तुकडीतल्या दोघी, एकाच वर्षी, देशात पहिल्यांदा तीन ताऱ्यांवर पोचल्या. पद्माताईंना 2020 मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी लेफ्टनंट जनरल झालेल्या माधुरी कानिटकरही ए.एफ.एम.सी.च्याच, त्या 2021 मध्ये नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या.

माझ्या मते यात एक बोचणारी गोष्टही आहे. या सगळ्या डॉक्टर. सैन्याने बाईला आधी फक्त दवाखान्याच्या दारातून आत घेतलं. विजयालक्ष्मी रमणन 1955 मध्ये आल्या त्याही डॉक्टर म्हणूनच. हवाई दलातल्या पहिल्या महिला वैमानिक अधिकारी झाल्या डिसेंबर 1994 मध्ये, लढाऊ विमानाच्या 2016 मध्ये. खडकवासल्याच्या एन.डी.ए.तून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली ती तर 2025 च्या मे महिन्यात, 17 जणी. आपल्या नागपूरची अंतरा मेहता लढाऊ वैमानिक झाली तेव्हा पेपरात फोटो आला होता, मी कापून ठेवला आहे. पद्माताई हवाई दलात आल्या तेव्हा यातलं एकही दार उघडं नव्हतं. जे एक होतं, त्यापर्यंत पोचायलाही त्यांना आधी आर्ट्समधून बाहेर पडावं लागलं.

ती माझी विद्यार्थिनी आता पन्नाशी ओलांडून गेली. समुद्रपूरला असते. बारावीनंतर तिचं लग्न झालं, डी.एड. काही झालं नाही. मुलीला मात्र तिने सायन्सला घातलं, ती आता नर्स आहे. मागच्या वर्षी जामला चौरस्त्यावर भेटली, बसची वाट बघत होती. मी तिला पद्माताईंची सगळी कथा तिथेच उभ्या उभ्या सांगितली, आणि म्हटलं, "तेव्हा मी तुला चुकीचं सांगितलं होतं ग." ती हसली. म्हणाली, "जाऊ द्या ना बाई. तुम्ही हो म्हटलं असतं तरी बाबांनी कुठं ऐकलं असतं?"

तिने माझी समजूत घातली हे मला कळलं. बस आली, ती गेली. तिच्या बाबांना मी ओळखत होते. दर रविवारी बाजारात भेटायचे. मी एकदाही विचारलं नव्हतं.